उतरताना धरते का?

आम्ही नवा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, बघायला गेलो तेव्हा आमच्या ड्रायव्हर आबांना आत बसू दिलं नाही, ही गोष्ट मला अजून सलते. आबा स्वतः त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत. पण पंचावन्न टनांची गाडी विकणारा माणूस ती चालवणाऱ्याला म्हणतो, "काका, तुम्ही बाहेर थांबा, चहा पाठवतो," आणि मालकांसमोर लॅपटॉप उघडतो, हे मला पटलं नाही. कुठलं शोरूम ते लिहीत नाही. सगळीकडे हेच चालतं, असं पुढे चार ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी सांगितलं.

आमचं घर पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला, आंबेनळी घाट लागायच्या अलीकडे. वडिलांनी दहा चाकी ट्रक घेऊन महाड एमआयडीसीत लावली, दुसरी मी घेतली. आबा वडिलांच्या वेळेपासून गाडीवर. मी शाळेत जात होतो तेव्हाही ते गाडीवरच होते. आता मी आणि चुलतभाऊ मिळून धंदा बघतो आणि कारखानेवाले म्हणायला लागले, लांबच्या मालाला दहा चाकी परवडत नाही, ट्रेलर असेल तर बोला.

त्यांचंही चूक नाही. १६ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवर किती वजन चालेल याचे आकडे वाढवले. पुढच्या अ‍ॅक्सलला सहाचे सात टन झाले, जोड अ‍ॅक्सलला एकोणीसचे एकवीस, ट्रेलरच्या तिहेरी अ‍ॅक्सलला चोवीसचे सत्तावीस. बेरीज करून बघा, घोडा-ट्रेलरचे ४९ चे ५५ टन होतात. दहा चाकीचं पासिंगही, म्हणजे गाडी आणि माल मिळून चालणारं वजन, वाढून २८ टन झालं, पण त्यात माल बसतो अठरा-एकोणीस टन. बावीस चाकी ट्रेलरमध्ये घोडा आणि ट्रेलर यांचं वजन वजा करून चाळीस टनांच्या आसपास जातो. एकच ड्रायव्हर आणि दुप्पट माल. टनामागे भाव कुणाला स्वस्त पडणार, हे उघड आहे. रस्त्यावर गाड्या तेवढ्याच आणि क्षमता जास्त झाली, तेव्हा भाडी पडली, ती आमच्यासारख्यांचीच.

तर आम्ही तीन कंपन्यांची कोटेशनं घेतली. टाटाची सिग्ना ५५३०, भारतबेंझची ५५२८ आणि अशोक लेलँडची त्याच गटातली. लाईनवर ज्याला विचारावं तो सिग्नाचं नाव आधी घेत होता. ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन, तीनशे हॉर्सपॉवर, ११०० न्यूटन मीटर टॉर्क, नऊ गिअर. टाटा कमिन्सचा एक कारखाना फलटणला, म्हणजे आमचा घाट चढून गेल्यावर जो सातारा जिल्हा लागतो त्यातच. पण लोक हे आकडे बघून नाव घेत नाहीत. रात्री दोनला चित्रदुर्गच्या अलीकडे गाडी उभी राहिली तर मिस्त्री मिळेल का, नळी मिळेल का, हे बघून घेतात. मला विचाराल तर लांबच्या गाडीची निम्मी परीक्षा इथेच होते.

शोरूममधला मुलगा वागायला सभ्य होता, हे सांगितलंच पाहिजे. अ‍ॅव्हरेजचं त्याने नीट समजावलं. महाडहून पनवेल-पुण्यावरून चेन्नई चौदाशे किलोमीटर धरा. गाडीने लिटरला तीन दिलं तर साडेचारशेच्या वर डिझेल लागतं, साडेतीन दिलं तर चारशे. नव्वदच्या भावाने एका बाजूलाच सहा हजारांचा फरक. मोबाईलवर गाडी कुठे आहे, किती वेळ चालू ठेवून उभी होती, डिझेल किती उरलं, सगळं दिसतं, हेही त्याने दाखवलं. मी लिहून घेत होतो. भाऊ हप्त्याचं विचारत होता.

तेवढ्या वेळात आबा मागच्या यार्डात गाडीशी होते. काचेतून मला दिसत होतं. आधी त्यांनी गाडीला पूर्ण वळसा घातला. मग पायरीवर पाय ठेवून वर चढले, चपला काढल्या आणि मागच्या बर्थवर आडवे झाले. आबा उंच आहेत. पाय पूर्ण पसरतात का, ते त्यांनी बघितलं. उठून सीटवर बसले, डाव्या आरशात वाकून वाकून पाहिलं. खाली उतरून युरियाची टाकी कुठे, बॅटरी कुठे, ट्रेलर जोडतात त्या गोल प्लेटला ग्रीस लावायला हात कुठून घालायचा, हे बोटाने चाचपून बघितलं. बरंच झाल्यावर काचेचं दार ढकलून आत आले. दोनच खुर्च्या होत्या, त्यावर आम्ही. आबा दाराशी उभे राहिले आणि त्यांनी एकच विचारलं, "चढायचं सगळे सांगतात. उतरताना धरते का?"

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तीनशे हॉर्सपॉवर आहे."

आबांनी पुन्हा विचारलं, "ते चढायला. भरलेली असताना उताराला ब्रेक न दाबता किती धरते?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि इंजिन ब्रेकचं पान काढलं. प्रश्न आबांचा आणि उत्तर मला. तेही इंग्रजीत लिहिलेलं. मी म्हटलं, "अहो, त्यांना सांगा ना, चालवणार ते आहेत." तो हसला, "हो सर, डिलिव्हरीच्या वेळी ड्रायव्हर ट्रेनिंग असतं," म्हणाला आणि फायनान्सचा कागद पुढे केला. मी उठून माझी खुर्ची आबांना द्यायला लागलो तर आबाच म्हणाले, "बस रे तू, मी हाय बाहेर."

डिलिव्हरीच्या वेळी! म्हणजे चाळीस-पन्नास लाखांचा निर्णय झाल्यावर ड्रायव्हरला विचारायचं, पटतं का. महिन्यातले बहुतेक दिवस त्या केबिनमध्ये जो जेवणार, झोपणार, घाट उतरणार, त्याचं मत कोटेशनच्या वेळी कुणाला नको. आणि यात फक्त शोरूमचा दोष आहे असंही नाही. आम्ही मालक लोकही आबांसारख्यांना बरोबर नेतो ते सोबतीला म्हणून. आमच्या महाड-पोलादपुरात गाड्या घेतलेल्या किती जणांनी आधी ड्रायव्हरला विचारलं, ते त्यांनीच आठवून बघावं.

उताराचा प्रश्न आबांनी उगाच काढला नव्हता. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत दरीत गेली. तीस माणसं गेली, एकच वाचला. त्या दिवशी इथले लोक दोर घेऊन धावले होते. पुढे २०२१ च्या जुलैत दरडींनी हाच घाट तोडला, तेव्हा खाली महाड पाण्यात होतं. या रस्त्याला राहणारा माणूस गाडीचं पिकअप नंतर विचारतो. खरं तर ट्रेलर आंबेनळीत घालायचाच नाही, त्याला ती वळणं घेता येणार नाहीत. घेतलेली गाडी कधी दारात येणार नाही, ती हायवेलाच उभी करावी लागेल. तरी बोरघाट आहेच, कर्नाटकातले उतार आहेत.

त्यानंतर आम्ही एका ओळखीच्या मालकाची सिग्ना बघितली. भरलेली गाडी पुण्याहून न्हावा शेव्याला चालली होती, त्यात मी आणि आबा बसलो. त्यांचा ड्रायव्हर तिशीतला, बिहारचा. लोणावळा गेल्यावर आबांनी त्याला काही न सांगता फक्त बघायचं ठरवलं होतं. खंडाळ्याला उतार सुरू व्हायच्या आधीच पोराने गिअर खाली घेतला आणि इंजिन ब्रेक लावला. इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी दबली. पाय ब्रेकवर होता, पण तो अधूनमधून एकदा दाबून सोडत होता, दाबून धरत नव्हता. शेजारच्या लेनमधून एक जुनी गाडी गेली, तिच्या चाकांतून धूर येत होता आणि ब्रेकचा लायनर जळाल्याचा वास आमच्या केबिनमध्ये शिरला. आबांनी खिडकीची काच वर केली. खोपोलीला खाली आल्यावर थांबलो तेव्हा आबा उतरून ट्रेलरच्या ड्रमजवळ गेले. हात न लावता तळवा थोडा लांब धरून त्यांनी एकेका चाकाची धग बघितली. परत येऊन म्हणाले, "धरते. गाडी चांगली हाय."

मग त्या पोराशी ते बराच वेळ बोलले. न्यूट्रलवर काढतोस का, मालक डिझेलवरून ओरडतो का, घरी कधी गेला होतास. शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला.

ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून सगळे मालक रडतात. का मिळावेत? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलं गेलं. लाईनवर कुणी ते पाळलेलं मी पाहिलं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, फार चांगलं झालं, पण त्यासाठी सरकारला नियम करावा लागला. आबांच्या मुलाने गाडीचं स्टिअरिंग हातात घ्यायला सरळ नकार दिला आणि मुंबईला नोकरी धरली. मी त्याला दोष देत नाही. आणि एक सांगतो, अ‍ॅव्हरेजवरून ड्रायव्हरचा भत्ता कापू नका. कापलात की तो उताराला गाडी न्यूट्रलवर सोडणार. चार लिटर डिझेलसाठी तुमचा माणूस आणि समोरून येणारी एसटी, दोन्ही पणाला लागतात.

त्या शोरूमवर राग धरून मी घरी आलो होतो तेव्हा म्हणालो होतो, यांच्याकडून काही घ्यायचं नाही. आता लिहिताना वाटतं, त्या मुलाचे आकडे बहुतेक खरेच होते. ओळखीच्या मालकानेही भरलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज तीनच्या वरच सांगितलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्याने किंमतही खाली आली. गाडीत खोट काढायला जागा नाही.

तरी आम्ही घेतली नाही. अडलं ते परतीच्या मालावर. महाडहून केमिकल भरून जायला माल आहे, पण चेन्नईहून परत काय? मागे एकदा आमची दहा चाकी दक्षिणेत एका कारखान्याच्या गेटवर खाली व्हायला दिवसच्या दिवस उभी होती. हॉल्टिंग, म्हणजे उभ्या दिवसांचे पैसे, मागितलं तर दलाल म्हणाला, बिल्टीवर लिहिलेलं नाही. दहा चाकीला ते सोसलं. लाखाच्या आसपास हप्ता असलेल्या बावीस चाकीला सोसणार नाही. उभी गाडी शून्य अ‍ॅव्हरेज देते, ते कुठल्याही लॅपटॉपवर दाखवत नाहीत.

आबांचं म्हणणं वेगळं आहे. "आज ना उद्या घ्यावीच लागेल, दहा चाकीचं दिवस गेलं," म्हणतात. ते बरोबर असतील. पण माझा हिशेब मी मोकळेपणाने सांगतो. ज्याच्याकडे पाच-सहा गाड्या आहेत, दोन्ही टोकांना कंपनीशी थेट करार आहे, त्याने ५५ टनी सिग्ना डोळे मिटून घ्यावी. ज्याच्याकडे एक-दोन गाड्या आहेत आणि परतीचा माल दलालाच्या फोनवर आहे, त्याने परतीच्या भाड्याची आणि हॉल्टिंगची लेखी बोली हातात आल्याशिवाय सही करू नये. आणि घ्यायचीच असेल, तर भरलेली गाडी आधी आपल्या ड्रायव्हरला घाटातून उतरवायला द्या आणि तो काय म्हणतो ते ऐका.