अडकित्ते आणि अडगळ

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नक्षीदार अडकित्ते, पितळी दिवे आणि वज्री पाहिल्या की लक्षात येते, यांतील पुष्कळ वस्तू मूळ मालकांच्या माळ्यावर अडगळ म्हणूनच पडून असाव्यात. पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या भारतीय कायद्यानुसार किमान 100 वर्षे जुनी वस्तू, हस्तलिखित असल्यास 75 वर्षे जुने, पुरावस्तू ठरू शकते. परंतु मोडका पानाचा डबा, त्यातल्या वाळून दगड झालेल्या चुन्यासकट, का जपावा याचे उत्तर वयात नसते. संचय-विकाराला, म्हणजे वस्तूचे मोल काहीही असो, ती टाकताना होणारी तगमग आणि त्यापायी राहत्या जागेची होणारी कोंडी यांना, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये स्वतंत्र निदान मानले. याउलट संग्राहक निवडतो, नोंद ठेवतो, प्रसंगी नाकारतोही (घरच्यांचे मत अर्थात वेगळे असू शकते). तरीही संग्रह आणि संचय या दोन्हींच्या मुळाशी कधीकधी एकच दुःख सापडते: दिनकर केळकरांनी आपला संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावे उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, तर अनेक घरांत गेलेल्या माणसाची खोली वर्षानुवर्षे कुलूपबंद राहते.