हजेरीपत्रकात नाव नाही

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आमचा कॉम्प्युटर दोन दिवस मेला होता. आणि तो मीच मारला होता, हे आधीच कबूल करते. पुढचं वाचताना कुणी दुकानदाराला किंवा विजेला दोष द्यायला नको.

नेहमी इथे येणाऱ्यांना हा कॉम्प्युटर ठाऊक आहे. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि नातू (तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता) मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलो आणि टॅक्सी करून लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालासुद्धा आधी आपलं तोंड बघतो. एका दुकानात मदरबोर्ड, दुसऱ्यात प्रोसेसर, तिसऱ्यात रॅम असं फिरून सामान घेतलं. परतताना समुद्राचं पाणी उडू नये म्हणून सगळी खोकी मांडीवर घेऊन बसले. रेवदंड्याला घरी येऊन ओटीवर चादर पसरली, नातवाने पुस्तिका वाचायची आणि मी स्क्रू पिळायचे, अशी वाटणी. त्या दिवसापासून हे यंत्र माझं आहे. विकत घेतलेलं पातेलं आणि आपण कल्हई लावून घेतलेलं पातेलं यांत फरक असतो ना, तसं!

तर झालं असं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं मायक्रोसॉफ्टने केलेलं राखण संपलं. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण मुदतवाढीवर जगणं मला आवडत नाही. विंडोज ११ घ्यावं तर त्यांच्या यादीत आमचा प्रोसेसर, रायझन ३ २२००जी, नाही. मुलगा म्हणाला, "आई, सरळ लॅपटॉप घे." मी ऐकून घेतलं आणि नातवाला फोन केला. तो म्हणाला, त्याच मदरबोर्डावर रायझन ५ ५६००जी बसतो. खाच तीच, पिनाही तेवढ्याच, १३३१. फक्त जुना काढायचा, नवा ठेवायचा.

"फक्त" हा शब्द ऐकला की शिक्षकाने सावध व्हायला हवं. मी झाले नाही.

प्रोसेसर आला. जुना काढला, खोक्यात ठेवला. नवा खाचेत बसवला, त्याच्याबरोबर आलेला पंखा वर आवळला, बटण दाबलं. पंखा गरगरा फिरायला लागला. दिवे लागले. पडदा मात्र काळा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काळाच. बंद करून पुन्हा लावला. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. (इथे हसू नये! खाऱ्या हवेत ही कामं आम्ही किनाऱ्यावरची माणसं दरवर्षी करतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.) पण काही नाही. अक्का दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पंखा तर फिरतोय की! मग काय झालंय त्याला?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ८७. चौलला एकटी राहायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात तिच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, आणि तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. प्रकृती ठणठणीत, पंखा फिरतोय. पण गेली दोन-तीन वर्षं तिला नवं माणूस ओळखू येत नाही. साठ वर्षांपूर्वीचे शेजारी, त्यांच्या गाईंची नावं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं मुखोद्गत. मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत घरात आलेली नातसून तिला दर वेळी नवीन. व्हिडिओ कॉल लागला की ठरलेला प्रश्न, "ही कोणाची गं?"

त्या रात्री मी पुण्याला फोन लावला तो नेमका नातसुनेने उचलला. नातू कामावर होता. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आजी, नवा प्रोसेसर बसवायच्या आधी बायोस अपडेट केलं होतंत का?"

मी गप्प.

आता हे बायोस म्हणजे काय, ते तिने मला सांगितलं आणि मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. मदरबोर्डावर एक छोटी चिप असते. बटण दाबल्यावर विंडोज वगैरे मंडळी जागी व्हायच्या कितीतरी आधी तिच्यातला प्रोग्रॅम जागा होतो आणि हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर. रॅम? हजर. कीबोर्ड? हजर. सगळे आले की मग वर्ग विंडोजच्या ताब्यात. (आता त्याचं शास्त्रोक्त नाव यूईएफआय आहे म्हणे, पण लॅमिंग्टन रोडसारखंच, जुनं नाव जात नाही.) आमच्या बोर्डावरचं हजेरीपत्रक २०१८ चं. ५६००जी बाजारात आला २०२१ मध्ये. त्याचं नाव पत्रकात असणार कुठून? पोरगा वर्गात येऊन बसलाय, दप्तर आहे, डबा आहे, पण गुरुजी पुढे सरकतच नाहीत. काळा पडदा म्हणजे तेच.

नातसुनेने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. आमच्यासारख्या त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर या चिपची जागा अवघी १६ मेगाबाइट. एएमडीने एकाच खाचेवर प्रोसेसरच्या पिढ्यांवर पिढ्या आणल्या आणि पत्रकातली पानं संपली. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर करून टाकलं की पुढची पिढी या जुन्या बोर्डांवर चालणार नाही. लोकांनी इतका ओरडा केला की दोन आठवड्यांच्या आत शब्द मागे घ्यावा लागला. पण जागा काही वाढली नाही. मग नव्यांची नावं लिहायला काही बोर्डांवर सर्वांत जुन्या पिढीतल्यांची नावं खोडली, कुठे बायोसची रंगीत चित्रं काढून साध्या अक्षरांचा पडदा ठेवला. आमच्या २२००जी चं नाव टिकलं होतं. पाटी एवढीच, पुसल्याशिवाय लिहायला जागा नाही. आणि इथे कुणाला पुसायचं ते कारखान्यात बसून ठरवतात. अक्काच्या पाटीवर काय राहिलं आणि काय नाही हे कोण ठरवतं, असं त्या रात्री डोक्यात आलं, आणि झोप लागली नाही.

असो.

उपाय एकच होता. नवा काढा, जुना परत बसवा, त्याच्याकडून नवं पत्रक लिहून घ्या आणि मग पुन्हा अदलाबदल. सकाळी काढायला गेले, तर पंखा उचलताना त्याच्या बुडाला पेस्टने चिकटून प्रोसेसरच खाचेतून उपटून आला! कोपऱ्यातल्या दोन पिना वाकड्या. घशाला कोरड पडली. नातसून फोनवर म्हणाली, "घाबरू नका आजी, पेन-पेन्सिल आहे का घरात? शिसं काढून टाका." त्या पोकळ टोकात एकेक पिन घालून, भिंग आणि टेबललॅम्प लावून, केसभर केसभर सरळ केली. पस्तीस वर्षं पोरांची वाकडी अक्षरं सरळ केली, पण असा हात कधी थरथरला नव्हता. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं ते असं, की पंखा सरळ वर ओढायचा नाही. आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा, आणि यंत्र जरा तापलेलं असताना काढलं तर पेस्ट मऊ असते. अलिबागहून पेस्टची नळी मागवली, जुनी पुसून नवी लावली. जुना प्रोसेसर बसवला आणि एकदाचा पडदा उजळला.

मग खरी परीक्षा. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मॉडेल आणि आवृत्ती छापलेली असते, ती टॉर्च मारून वाचून कागदावर उतरवली. कंपनीच्या पानावरून नेमकी त्याच बोर्डाची फाइल घ्यायची, मिळत्याजुळत्या नावाची नाही. तिथेही पायरी होती. २०१८ वरून एकदम शेवटच्या आवृत्तीला जाता येत नाही, आधी मधली एक घालावी लागते. म्हणजे चौथीतून थेट दहावीत प्रवेश नाही! पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून दोन्ही फाइली त्यात टाकल्या.

भीती विजेची होती. लिहिणं चालू असताना वीज गेली तर चिपवर ना जुनं पत्रक ना नवं. मग बटण दाबलं तरी हजेरी घ्यायला कुणी नाही. काही महागड्या बोर्डांवर यातून उठायची सोय असते, आमच्या बोर्डावर नाही. जुन्या लोकांना २६ एप्रिल १९९९ आठवत असेल. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने त्या दिवशी जगभरातल्या कॉम्प्युटरांच्या डिस्का पुसल्या आणि जिथे जमलं तिथे ही चिपसुद्धा. तारीख चेर्नोबिलची, म्हणून त्याला तेच नाव पडलं. आणि आमच्याकडे वीज जायला व्हायरस लागत नाही, तारेवर एक झावळ पडली की पुरे. म्हणून यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून, घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटं टिकला. तो पुन्हा भरू दिला, वारा पडलेली सकाळ निवडली आणि बसले.

मधली आवृत्ती नीट झाली. चार मिनिटं, मग कॉम्प्युटर आपणच बंद होऊन चालू झाला. दुसरी सुरू केली. पडद्यावर पट्टी सरकू लागली आणि खाली इंग्रजीत ताकीद, वीज बंद करू नका.

आणि अक्का आत आली.

अक्काला एक सवय आहे. घरात कुठेही बारीक दिवा दिसला की ती तो बंद करते. टीव्हीचा लाल दिवा, मोबाइलच्या चार्जरचा, पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा. "उगाच जळतंय" म्हणायचं आणि खटका दाबायचा. आमच्या यूपीएसचं बटण समोरच आहे आणि त्याच्यातच हिरवा दिवा आहे. ती वाकली. मी तिचा हात धरला. ओरडले नाही हे नशीब, कारण ओरडलं की ती बावरते आणि जे करत असते ते पुरं करते.

"अक्का, सत्तावीसची दिडकी किती गं?"

"साडेचाळीस." हात तसाच माझ्या हातात.

"आणि एकोणतीसची?"

"साडेत्रेचाळीस. तुला अजून येत नाही होय?"

खरंच येत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तिच्या वेळच्या शाळेत घोकून घेत, माझ्या वेळेपर्यंत ते ढिलं झालं होतं. मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, पहिल्यापासून म्हण. ती म्हणायला लागली. कुठे अडखळणं नाही, सूर लावून, डोळे मिटून. मी एका डोळ्याने पट्टी बघत होते. चाळीस टक्के. पंचावन्न. तिची दिडकी संपली तेव्हा पट्टी सत्तरवर होती. मी म्हटलं, आता पाऊणकी. हात सोडला नाही. तिचा हात किती हलका झालाय हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

शंभर टक्के झाले. पडदा काळा झाला, पंखा थांबला, पुन्हा फिरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग कंपनीचं बोधचिन्ह उमटलं. अक्का पाऊणकीच्या मध्यावर होती, तिला मी पुरी करू दिली.

दुपारी जुना प्रोसेसर काढला (या वेळी पंखा फिरवून!) आणि नवा बसवला. पडद्यावर लगेच एक प्रश्न आला. नवा प्रोसेसर दिसतोय, आधीच्याच्या सुरक्षेच्या किल्ल्या पुसू का ठेवू? डिस्कला कुलूप असेल तर पुसल्यावर परतीची किल्ली लागेल, अशी धमकीही. आमच्या डिस्कला कुलूप नव्हतं, ते आधी दोनदा तपासलं आणि मग "वाय" दाबलं. विंडोज ११ चढायला संध्याकाळ झाली. सगळं जागच्या जागी होतं, शाळेचे फोटो, माझे हे लेख, अक्काच्या वाडीचे वादळाआधीचे फोटो.

रात्री पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. नव्या यंत्रावरून पहिलाच. नातसून समोर, नातू मागे डोकावतोय. अक्काने पडद्याजवळ तोंड नेलं.

"ही कोणाची गं?"

मी सांगितलं. नातसून हसून म्हणाली, "अक्काआजी, मी ती पेन-पेन्सिलवाली." अक्काने बराच वेळ बघून "बरं, बरं" म्हटलं आणि तिला विचारलं, "तुला दिडकी येते का?"

"नाही येत."

"मग ये इकडे, शिकवते."

कॉल संपल्यावर मी कॉम्प्युटर रीतसर बंद केला, पंखा थांबेपर्यंत थांबले. अक्का शेजारीच उभी होती, नजर त्या हिरव्या दिव्यावर. म्हटलं, "कर आता बंद." तिने खटका दाबला आणि झोपायला गेली.