सवलत कोणाच्या पदरची?

व्हाउचर हा शब्द मी प्रथम ऐकला तो गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश असताना, हिशेबाच्या टेबलावर नवखा कारकून म्हणून बसलो तेव्हा. सरकारी दप्तरात व्हाउचर म्हणजे खर्चाचा साक्षीदार. पैसा तिजोरीतून गेला. तो कोणाला, कशासाठी, कोणाच्या हुकमाने गेला, याचे उत्तर देणारा कागद म्हणजे व्हाउचर. त्यावर क्रमांक हवा, तारीख हवी, रक्कम अंकी व अक्षरी हवी, घेणाऱ्याची सही हवी. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, व्हाउचर मात्र तेच राहिले. निवृत्त झालो तेव्हा वाटले, या शब्दाशी असलेले आपले नाते पेन्शनच्या कागदांबरोबर फाइलबंद झाले. परंतु २०२५ च्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यात, माझ्या भाचीच्या घरी, तो शब्द पुन्हा समोर आला आणि अर्थ अगदी उलटा घेऊन आला. सरकारी व्हाउचर झालेल्या खर्चाची साक्ष देते. दुकानाचे व्हाउचर अजून हाती न आलेल्या पैशातला काही भाग सोडून देण्याचे वचन देते.

भाचीचा व्यवसाय छोटा आहे. काजूगर, सोलां, हरमलच्या मिरचीची पूड आणि चवथीच्या सुमारास खाजे, एवढाच पसारा. गावातील सात बायका तिच्याबरोबर काम करतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाल्यापासून येणारे-जाणारे वाढले. त्यांतले काही जण तिच्याकडून काजू घेऊन गेले आणि घरी पोहोचल्यावर पुन्हा मागवू लागले. त्यांच्यासाठी तिने संगणकावर दुकान उघडले. या दुकानाला दार नाही, पायरी नाही, गल्लाही नाही. आहे तो एक पडदा आणि त्यावर मालाची छायाचित्रे. चवथ जवळ आली तेव्हा तिने मला बोलावणे धाडले. डिचोलीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे अशा दोन बसगाड्या बदलून मी पोहोचलो. चहा व्हायच्या आतच ती म्हणाली, "मामा, तुमचे सगळे आयुष्य नियम लिहिण्यात गेले. आता माझ्या कुपनाचे नियम लिहून द्या. वीस टक्के सूट द्यायची आहे."

वीस टक्के हा आकडा कोठून आला, असे मी विचारले. "सगळेच देतात," हे तिचे उत्तर होते.

आपल्याकडच्या बाजारात सवलत नव्हती असे नाही. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाच्या शुक्रवारी मी लहानपणापासून हिंडलो आहे. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या लगबगीत, सुक्या मिरच्या, सोलां, सुके बांगडे विकणाऱ्या बायका माप झाल्यावर एक मूठ वर टाकीत. ती मूठ सर्वांना सारखी नसे. घासाघीस करून दमविणाऱ्याला ती चिमटीएवढी मिळे आणि आईसारख्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला पसाभर. विकणारी समोरच्याचा चेहरा पाही, उरलेला माल पाही, परतीच्या बसची वेळ पाही आणि मग हात सैल सोडी. विकणारा आणि घेणारा एकमेकांना दिसेनासे झाले तेव्हा त्या मुठीची जागा कुपनाने घेतली, असे मला वाटते. चेहऱ्यावरून ठरणारी गोष्ट आता अटींवरून ठरवावी लागते, म्हणून तर माझ्यासारख्या परिपत्रके लिहिलेल्या माणसाची आठवण झाली!

कुपनाचा इतिहास पाहू गेल्यास तो बाजाराइतका जुना नाही. १८८७ साली अमेरिकेतील अटलांटा शहरी कोका-कोलाच्या एका प्याल्यासाठी मोफत तिकिटे वाटली गेली, तेथपासून आजच्या कुपनांची परंपरा मोजतात. पेय नवे होते, लोकांना चव माहीत नव्हती. पहिला प्याला फुकट गेला तरी दुसरा विकत घेतला जाईल, हा त्यामागचा हिशेब. मला मात्र त्याहून चाळीसेक वर्षे आधीचे इंग्लंडातील उदाहरण अधिक भावते. १८४४ साली रॉचडेल गावच्या २८ जणांनी आपले सहकारी दुकान उघडले. तेथे माल बाजारभावानेच विकला जाई आणि ठरावीक काळाने नफा काढून ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात सभासदांना परत दिला जाई. ही सवलतच, पण नफा झाल्याचे हिशेबात दिसल्यावर दिलेली. आधी सोडून मग मिळेल का याची वाट पाहायची, की आधी मिळवून मग वाटायचे, हा फरक हिशेबनिसाच्या दृष्टीने लहान नाही.

आपल्याला अधिक परिचयाचे उदाहरण खादीचे. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारातून रिबेट मिळे आणि सरकारी नोकरांची कुटुंबे त्या दिवसांची वाट पाहत. त्या रिबेटाचा भार सरकार उचलत असे. विक्रीवर दिलेला तो पैसा गिऱ्हाइकाच्या हाती जाई; सूत कातणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचलाच पाहिजे अशी तजवीज त्यात नव्हती. २०१०-११ पासून केंद्राने ती पद्धत बदलली. विक्रीवरील रिबेटाऐवजी उत्पादनमूल्याच्या २० टक्के इतके बाजार विकास साहाय्य देण्याचे ठरले आणि त्यातील चौथा हिस्सा कातणाऱ्या-विणणाऱ्या कारागिरांसाठी राखला गेला. योजना कागदावर चांगली आणि अंमलात कशी, हा निराळा विषय. पण सवलत कोणाच्या पदरची आणि ती कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न तेथे कोणीतरी विचारला होता. भाचीच्या पडवीत बसून मीही तोच विचारायचे ठरविले.

आम्ही कागद घेतला. समजा, काजूगरांचे किलोचे पाकीट १२०० रुपयांना विकले. बी, फोडण्याची व साल काढण्याची मजुरी, पाकीट, खोके, कुरिअर, पैसे वळते करणाऱ्या कंपनीचे शुल्क, असे सगळे मिळून ९६० रुपये होतात असे धरले. उरले २४०. आता १२०० वर वीस टक्के म्हणजे किती? नेमके २४०! गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाचवा हिस्सा, भाचीच्या दृष्टीने सगळेच्या सगळे. दहा टक्के सोडले तरी राहतात १२०, म्हणजे पहिल्याइतकेच मिळवायला दुप्पट पाकिटे विकायची, दुप्पट फोडायची, दुप्पट बांधायची. सवलत किमतीवर मोजली जाते आणि सोसावी लागते ती नफ्यातून. अर्थशास्त्र वगैरे काही नाही यात, साधी वजाबाकी आहे; पण पडद्यावरचा रंगीत फलक पाहताना ती डोळ्यांआड होते खरी.

आम्ही हे बोलत असताना पलीकडे बायका काजू फोडीत बसल्या होत्या. टरफलातले तेल चिकट आणि दाहक. राख चोळून बसले तरी बोटे काळी पडतात आणि आठवडाभर तशीच राहतात. त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईने हात न थांबवता विचारले, "हें सोडटात तें आमच्या मजुरेंतलें न्हय मू?" भाची चटकन 'ना' म्हणाली. म्हणाली खरे, पण मग कागदाकडे बघत राहिली. कारण २४० रुपये संपल्यावर पुढचा रुपया कोठून यायचा, याला बियांचा भाव हे उत्तर नव्हते, कुरिअर हेही नव्हते. कमी करता येण्याजोगा एकच आकडा त्या कागदावर होता.

तरीही भाचीची बाजू कच्ची होती असे मी म्हणणार नाही. तिचे म्हणणे असे की, लोकांना सवय लागली आहे. पैसे भरण्याच्या पानावर कुपनाची रिकामी चौकट दिसली की ते हात आखडतात, कोठे कुपन मिळते का ते शोधू लागतात, आणि गेले की परत येत नाहीत. नव्या गिऱ्हाइकासाठी एकदा झीज सोसणे ही तिच्या मते जाहिरातच. ते मला पटले. फक्त मोठ्या दुकानांशी तुलना करू नये एवढेच मी सांगितले. त्यांच्यामागे गुंतवणूकदारांचे भांडवल असते आणि वर्षानुवर्षे तोटा सोसण्याची त्यांची तयारी असते. या सवलतींनी लहान दुकानदार भरडला जातो अशी ओरड झाल्यावर केंद्र सरकारला डिसेंबर २०१८ मध्ये खास टिपण काढून, परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी मालाच्या किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव पाडू नये, असे बजावावे लागले होते.

शेवटी तडजोड झाली. टक्के बाद; २००० रुपयांच्या वर खरेदी झाल्यास सरळ १०० रुपये कमी. कारण दोन पाकिटे एकाच खोक्यात गेली की कुरिअरचा खर्च दुप्पट होत नाही. तिथे वाचणारे थोडे आणि तिच्या नफ्यातले थोडे, असे मिळून ते शंभर रुपये उभे राहत होते. मजुरीचा आकडा मी कागदावर लाल शाईने चौकटीत टाकला.

मग प्रत्यक्ष कुपन बसविण्याचे काम. तिचे दुकान वूकॉमर्स नावाच्या प्रणालीवर चालते. त्यातील कुपनाचा अर्ज पाहून मला माहेरी आल्यासारखे वाटले: प्रकार, रक्कम, मुदत, किमान खरेदी, एका व्यक्तीला किती वेळा, एकूण किती वेळा, दुसऱ्या कुपनाबरोबर चालेल की नाही. जणू मंजुरीचा मसुदाच! पण यंत्राची भाषा आणि आपली भाषा यांत फटी असतात. 'प्रकार' या रकान्यात ठरावीक रकमेऐवजी टक्के राहून गेले आणि पुढे १०० हा आकडा भरला, तर शंभर टक्के सूट होऊन माल फुकट जातो. मुदतीचे तर आणखी निराळे. आपण '२० ऑगस्टपर्यंत' म्हणतो तेव्हा वीस तारीख आत धरतो. हे यंत्र दिलेल्या तारखेच्या आरंभीच, मध्यरात्री बाराला, दार लावून घेते. म्हणून तेथे २१ लिहावे लागते. शिवाय घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले आहे ना, तेही पाहावे लागते, नाहीतर मध्यरात्र साडेपाच तास उशिरा होते. 'एका व्यक्तीला एकदा' ही अट ते ईमेलच्या पत्त्यावरून ओळखते. पत्ता बदलला की माणूस बदलला. यावर उपाय म्हणून एकूण वापराची मर्यादा दीडशेवर ठेवली. कितीही झाले तरी पंधरा हजारांपलीकडे पदरमोड होणार नाही, हे आधीच ठाऊक असले की झोप लागते. सूट बिलावरच दाखवायची, म्हणजे वस्तू व सेवा करासाठी ती मूल्यातून वजा होते, हेही लिहून दिले. आणि पुण्याच्या काही जणांना हवी असलेली भेटीची व्हाउचरे, ज्यांचे पैसे आपण आगाऊ घेतो, त्यांची वही अगदी वेगळी ठेवायला सांगितली, कारण ते पैसे आपले नव्हेत. माल जाईपर्यंत ते देणे आहे.

जाहीर करण्यापूर्वी आम्ही स्वतःच गिऱ्हाईक होऊन कुपन वापरून पाहिले. १९९९ रुपयांची टोपली नाकारली गेली, तेव्हा आमच्या कचेरीतल्या एका जुन्या लेखापालांची आठवण होऊन मला हसू आले.

चवथ २७ ऑगस्टला होती. वीस तारखेपर्यंत ९४ कुपने वापरली गेली. वीस टक्के दिले असते तर अधिक गेली असती, असे भाची अजूनही म्हणते, आणि ते खरेही असेल. मजुरी ठरल्याप्रमाणे चुकती झाली. त्या वयस्क बाईने पैसे दोनदा मोजून पदराच्या गाठीत बांधले.

एकवीस तारखेला सकाळी बेळगावहून एका आजीबाईंचा फोन आला. नातवाने रात्री बसवून दिले नाही, आता कुपन चालत नाही असे दिसते, काय करावे? माझ्या हातून आयुष्यात 'मुदतवाढ देता येणार नाही' हे वाक्य किती वेळा लिहिले गेले असेल, त्याची गणती नाही. मी तोंड उघडण्यापूर्वीच भाचीने त्यांना सांगितले, "कुपन राहू द्या, आजी, मी खोक्यात सोलांची एक पुडी वर घालते." फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिले. ही पुडी हिशेबात कोठे दाखवायची, असे ती विचारीत होती. मी वही ओढली आणि तारखेपुढे लिहिले: सोलां, एक पुडी, विशेष बाब म्हणून मंजूर.