हवं होतं आणि लागलं

'मी जायला हवं होतं' असं म्हणणारा माणूस गेलेला नसतो. 'मला जावं लागलं' म्हणणारा जाऊन आलेला असतो. दोन्ही वाक्यं भूतकाळातली, दोन्ही कर्तव्याची, आणि तरी ऐकणाऱ्याला क्षणभरही संशय येत नाही. शाळेत आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकडी घोकली. विध्यर्थातून कर्तव्य, योग्यता, इच्छा वगैरे व्यक्त होतं हे परीक्षेपुरतं पाठ केलं. पण 'हवं' आणि 'पाहिजे' भूतकाळात गेले की काम राहून गेलेलं असतं आणि 'लागणे' भूतकाळात गेलं की ते पार पडलेलं असतं, हे कुणी शिकवलं नाही. ते बोलता बोलता अंगवळणी पडलं.

या दोन क्रियापदांची माणसंही वेगळी असतात. कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत बसून पाहा. टाकी धुऊन घ्यायला पाहिजे, लिफ्टवाल्याला चांगलं झापायला हवं, कुणीतरी एकदा महापालिकेत जाऊन यायला पाहिजे. चहा येईपर्यंत 'पाहिजे'चा पाऊस पडतो. 'कुणीतरी' हा 'पाहिजे'चा सगळ्यात आवडता कर्ता. पण अध्यक्षांनी तेच वाक्य जरा फिरवून 'कुणाला तरी जावं लागेल' असं म्हणू दे, लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात. त्या 'ला'ला आता माणूस हवा असतो, आणि तो याच खोलीत बसलेला आहे हे सगळ्यांना कळतं. पुढच्या सभेत सेक्रेटरी कागद चाळत सांगतात, 'पाण्याच्या बिलासाठी बरेच खेटे घालावे लागले.' 'पाहिजे' सभेचं होतं, 'लागले' त्या एकट्याचं.

'लागणे'चा गोतावळाही बघण्यासारखा आहे. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, सुतक लागतं. यांतलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला येऊन चिकटतं. करावं लागणं त्याच पंगतीतलं. माणूस कर्त्याच्या खुर्चीवरून उठतो, 'मी'चा 'मला' होतो आणि क्रियापद कामाच्या तालावर चालू लागतं: अर्ज लिहावा लागतो, चिठ्ठी लिहावी लागते, पत्र लिहावं लागतं. लिहिणारा पुरुष आहे की बाई, याची क्रियापदाला पर्वा नसते. 'लागतं'मध्ये कुरकुर आहे, हे खरंच. पण कुरकुरणाऱ्याचं काम झालेलं असतं किंवा चालू असतं, म्हणून माझा विश्वास त्याच्यावर जास्त.

'हवं'ला दात फुटतात ते समोरच्याशी बोलताना. मी यायला हवं होतं, तो यायला हवा होता; इथवर सगळं सपाट. आणि मग, 'तू यायला हवं होतंस.' शेवटचा तो 'स' फक्त 'तू'साठी राखून ठेवलेला. आदराने बोलायचं तर 'तुम्ही यायला हवं होतंत', म्हणजे बोट तेच, फक्त अंगठी घातलेलं. स्वतःकडे दाखवायला असं अक्षर मराठीने या वाक्यात ठेवलेलं नाही. बारशाला, बाराव्याला, वाटणीच्या बैठकीला न आलेल्यांवरून घराघरांत जी तोंडं वाकडी होतात, त्यांत या 'स'चा हात मोठा आहे. लिहिताना तो कधी गळतो. भांडताना गळल्याचं ऐकिवात नाही.

त्या मानाने 'करावे' सभ्य. ते थेट संस्कृतातल्या 'तव्य' प्रत्ययाच्या घरातलं. 'कर्तव्य' प्राकृतांतून झिजत आलं त्याचं 'करावे' झालं, आणि न झिजता आलेलं 'कर्तव्य' नाम होऊन बसलं. पाणिनीने विध्यर्थी लिङ्-चे जे अर्थ दिलेत त्यांत विधी, निमंत्रण आणि आमंत्रण वेगवेगळे आहेत. टीकाकार फरक सांगतात तो असा, की निमंत्रण टाळता येत नाही आणि आमंत्रण ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आपल्या लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असतं. वर 'आग्रहाचे निमंत्रण' छापलेलं. पाणिनीच्या हिशेबाने जाणं चुकत नाही. आपल्या हिशेबाने ते पत्रिका घरी येऊन दिली की व्हॉट्सॲपवर टाकली यावर ठरतं.

नाम झालेल्या 'कर्तव्या'चं मात्र वजन वाढलं आणि पकड सैलावली. आणीबाणीत, 1976 साली, 42व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 51क आला आणि नागरिकांची 10 मूलभूत कर्तव्यं राज्यघटनेत दाखल झाली. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शिकण्याची संधी देण्याचं पालकांचं अकरावं कर्तव्य 2002च्या दुरुस्तीतलं. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं, या कर्तव्यांना तशी सोय नाही. घरातही हे नाम क्वचितच उच्चारलं जातं. 'मी माझं कर्तव्य केलं' हे वाक्य ऐकू आलं की समजावं, काहीतरी तुटलं आहे आणि आता हिशेब मांडले जाणार आहेत.

ज्यांच्या जिवावर घरं चालतात ती माणसं यांतलं काहीच वापरत नाहीत. दवाखान्याच्या बाकावर नातेवाइकांची चर्चा रंगते. रात्री कुणीतरी थांबायला पाहिजे, खरं तर मोठ्याने थांबायला हवं, पण त्याला सकाळी ऑफिसला जावं लागतं. एवढ्यात एखादी मावशी पिशवीतून शाल काढते आणि म्हणते, 'मी थांबते.' ना विध्यर्थ, ना 'पाहिजे', ना 'लागतं', साधा वर्तमानकाळ. व्याकरणाच्या पेपरात 'पुढील वाक्यातील क्रियापदाचा अर्थ ओळखा' म्हणून हे वाक्य आलं, तर उत्तर लिहायचं 'स्वार्थ'. त्याला पूर्ण गुण मिळतात.