यवद्वीपाची विद्या

कोणतीही विद्या पोटासाठी धरली की घरात तिच्याविषयी दोन प्रश्न उभे राहतात: ती खरी आहे काय, आणि ती किती दिवस टिकेल. पूर्वी मास्तरकी अथवा कारकुनी पत्करली म्हणजे दुसरा प्रश्न पेन्शनीपर्यंत पडत नसे. आता तो दर चार-दोन वर्षांनी पडतो. रत्नागिरीस आमच्या घरी गेले वर्षभर तो एका संगणकविद्येसंबंधाने चालला आहे. थोरला पुतण्या पुण्यास तिच्यावर संसार चालवितो, आणि त्याने घेतलेल्या जागेचे हप्ते अद्याप बारा वर्षे फेडावयाचे आहेत. धाकटी पुतणी येथेच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. पुढे हीच विद्या धरावी की नाही, हे तिला यंदा ठरविले पाहिजे. घरात जो तो आपले मत देतो, म्हणून आम्ही सुटीत पुतण्याकडून हा विषय समजून घेतला. अशा पेचात असलेली कुटुंबे आज पुष्कळ असतील; त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो येथे मांडीत आहोत.

ह्या विद्येचे मूळ नाव जावा. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीने १९९५ साली ही संगणकाची भाषा प्रसिद्ध केली. भाषेस नाव मिळाले ते कॉफीवरून, व कॉफीस ते इंडोनेशियातील बेटावरून. संस्कृत शिकलेल्यास हे बेट परके नाही. रामायणाच्या किष्किंधाकांडात सुग्रीव सीतेच्या शोधार्थ वानरांस जे जे प्रदेश सांगतो, त्यांत यवद्वीपाचे नाव येते. आणि यवद्वीप म्हणजे जावा असे पुष्कळ पंडित मानतात.

ह्या भाषेच्या आधारे सनने १९९९ साली मोठ्या उद्योगांकरिता एक नियमसंहिता काढली. पुढे ती जावा ईई ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे प्रयोजन एका घरगुती उदाहरणाने कळेल. मुंबईचा मुलगा मोबाइलवरून आईच्या खात्यात पाच हजार रुपये पाठवितो. पाठविणारा तोच आहे, ह्याची खात्री झाली पाहिजे. रक्कम एका खात्यातून वजा झाली तर दुसऱ्यात जमा झालीच पाहिजे. मध्येच यंत्र बंद पडले तर दोन्ही गोष्टी रद्द झाल्या पाहिजेत. शिवाय त्याच क्षणी हजारो लोक असेच व्यवहार करीत असतात. ही कामे बँकेस लागतात, विमा कंपनीस लागतात, सरकारी कचेरीसही लागतात. प्रत्येकाने ती आरंभापासून निराळी रचीत बसावे, हा शुद्ध अपव्यय होय. म्हणून ती कशी मागावी व कशी पुरवावी, ह्याचे नियम संहितेत घातले. आणि त्या नियमांप्रमाणे वागणारी यंत्रणा अनेक कंपन्यांनी आपापल्या परीने तयार केली. लग्नविधीची पोथी एक असली म्हणजे गुहागरचे भटजी आले काय किंवा वाईचे आले काय, सप्तपदी सातच पावलांची होते. तसाच हा प्रकार आहे.

आपल्याकडे ह्या विद्येवर किती घरे उभी राहिली, हे पुण्या-मुंबईत नातेवाईक असलेल्यांस सांगावयास नको. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या प्रगत संगणनाच्या पदविकेत जावा शिकवीत आले आहेत, आणि कोकणातील कितीतरी मुले त्याच वाटेने नोकरीस लागली. मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीची फ्लेक्सक्यूब ही बँकांची प्रणाली देशोदेशी गेली. त्या कंपनीत ओरॅकल ह्या अमेरिकन कंपनीने २००५ साली मोठा हिस्सा घेतला, व २००८ साली कंपनीचे नावही पालटले. तरी बँकांचे काम एक दिवस अडले नाही.

ह्याच ओरॅकलने २०१० साली सन कंपनी विकत घेतली, आणि जावा तिच्या घरी आली. काही वर्षे संहितेकडे तिचे लक्ष उणावले; लोक कुरकुर करू लागले. अखेर २०१७ साली ओरॅकलने ती एक्लिप्स फाउंडेशन ह्या ना-नफा संस्थेच्या हवाली करण्याचे ठरविले. परंतु वाटणीत घर दिले आणि घराण्याचे नाव दिले नाही! जावा हे नाव ओरॅकलच्या मालकीचे चिन्ह असल्याने २०१८ साली लोकांची मते घेऊन संहितेस जाकार्ता ईई असे नवे नाव ठेवण्यात आले. जाकार्ता हे त्याच जावा बेटावरील शहर. त्याचे जुने नाव जयकर्त, म्हणजे तेही आपल्याच जयशब्दावरून आलेले; पुढे डचांनी तेथे बटाव्हिया वसविले, आणि १९४२ साली बटाव्हियाचे पुन्हा जाकार्ता झाले. नावे बदलली, पण बंदर जेथल्या तेथे राहिले.

नाव बदलणे कागदावर सोपे असते. ह्या संहितेतील शब्दांच्या आरंभी पूर्वी ‘जावाएक्स’ हा उपसर्ग असे. तो कायम ठेवून पुढे सुधारणा करण्याविषयी दोन्ही पक्षांचे २०१९ साली जमले नाही. म्हणून २०२० च्या डिसेंबरात निघालेल्या नवव्या आवृत्तीत त्या जागी ‘जाकार्ता’ हा उपसर्ग आला. परिणामी जुने कार्यक्रम नव्या यंत्रणेवर चालेनासे झाले. ते एकेक तपासून बदलण्याचे काम गेली दोन वर्षे आमच्या पुतण्याकडे आहे.

एवढ्यासाठी दोन वर्षे कशास लागावीत, असे आमच्या वहिनींनी त्यास विचारले. त्याने दिलेले उत्तर सर्व स्त्रियांस पटले. लग्नानंतर सुनेचे नाव बदलते. तेव्हा रेशनकार्ड, बँक, विमा सगळीकडे नवे नाव लावावे लागते, परंतु शाळेच्या दाखल्यावर माहेरचेच राहते. तो दाखलाही कोणी उत्साहाच्या भरात खोडला तर घोटाळा होतो. येथेही काही ‘जावाएक्स’ शब्द संहितेचे नसून मूळ भाषेचे आहेत, व ते तसेच राहिले पाहिजेत. शिवाय दुसऱ्यांकडून घेतलेले जुने भाग असतात. त्यांच्या कर्त्यांनी नवे रूप काढलेच नसेल तर पर्याय शोधावा लागतो. बदल करणारी यंत्रे आहेत, हल्ली कृत्रिम बुद्धीही साहाय्यास येते. परंतु बदलानंतर पैसा योग्य खात्यात जातो की नाही, ह्याची जबाबदारी माणसावरच राहते.

मग ह्या विद्येचे भवितव्य काय? ती मेली, असे वीस वर्षे सांगण्यात येत आहे. जुनी संहिता फार जड झाली म्हणून स्प्रिंग नावाची सुटसुटीत पद्धत निघाली. २००४ साली तिची पहिली आवृत्ती आली आणि तरुण मंडळी तिकडे वळली. पण त्याच स्प्रिंगने २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या सहाव्या आवृत्तीत जाकार्ताचे शब्द पत्करले, कारण तिच्या पायातही हेच दगड आहेत. संहितेची दहावी आवृत्ती २०२२ साली आली व अकरावी २०२५ च्या जूनमध्ये. ज्या वृक्षास पालवी फुटते तो वठला असे कसे म्हणावे? १९५९ सालची कोबोल भाषा अद्याप बँकांत नांदते आहे. तिच्या मानाने ही पोर होय.

तथापि पूर्वीचा डौल तिला पुन्हा येईल असे आम्हांस वाटत नाही. नव्या उद्योगांस इतर भाषांचे मार्ग मोकळे आहेत आणि ते तिकडे जातात. तिचा खरा आधार म्हणजे मागे उभे असलेले प्रचंड काम आणि एका धन्याच्या मर्जीवर न राहिलेले नियम. आता आयबीएम, रेड हॅट, फुजित्सु अशा कंपन्या व स्वतः ओरॅकलही एका पंगतीस बसून ते ठरवितात. एकटा माणूसही तेथे आपले काम देऊ शकतो. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके लिहिली, पतंजलीने भाष्य केले, आणि शास्त्र कोणा एकाचे न राहिल्यामुळेच जगले. ह्या संहितेचे तसे होईल की नाही, हे तिची सूत्रे पुढे सांभाळणारे किती निघतात ह्यावर आहे.

घरात आम्ही आमचे मत सांगितले ते असे. पुतण्याने भीती बाळगू नये. मात्र जुन्या कार्यक्रमांची डागडुजी करण्यातच सारी वर्षे न घालविता दरसाल एक नवा भाग शिकावा, आणि हप्ते चालू असेतो सहा महिन्यांचा खर्च बाजूस ठेवावा. पुतणीने ही विद्या जरूर शिकावी. परंतु व्यवहार अर्धवट का राहू नये, ओळख कशी पटवावी, हजारो लोक एकदम आले तर काय करावे, हे आधी समजून घ्यावे. ते समजले म्हणजे उपसर्ग बदलला तरी अडत नाही. रूपे घोकून परीक्षा देणारे आणि व्याकरण समजलेले असे दोन प्रकारचे विद्यार्थी आम्ही शाळेत आयुष्यभर पाहिले. पुस्तक बदलले की पहिले गोंधळत, दुसरे चार दिवसांत सावरत.

पालकांसही एक विनंती. मुलगा कोणत्या नावाचा अभ्यासक्रम करतो, एवढेच विचारून थांबू नये. त्यातले मूळ काय, हे त्यास आपल्याला समजेल अशा भाषेत सांगावयास लावावे. ते त्यास सांगता आले तर फीचे पैसे कारणी लागले, असे खुशाल समजावे.