खडक भारी की उतार?

पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यातल्या एका गावासाठी पाझर तलावाची जागा शोधायची होती. निकष पाच: उतार, खडक, भेगा, मातीची खोली आणि ओढ्यापासूनचं अंतर. थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या एएचपी पद्धतीत एका वेळी दोनच निकष समोर ठेवायचे आणि कोणता किती पटीनं भारी, ते १ ते ९ मध्ये सांगायचं. पाचांच्या दहा जोड्या. ऑफिसात चहा संपायच्या आत मी त्या भरल्या. विसंगतीचं गुणोत्तर आलं ०.२३, ते ०.१ च्या आत लागतं. उतारापेक्षा खडक भारी, खडकापेक्षा माती आणि मातीपेक्षा पुन्हा उतार, असं मीच लिहून बसले होते!

दोन आकडे फिरवले असते तर गुणोत्तर निमूट खाली आलं असतं. (तसे अहवाल वाचनात आहेत.) तक्ता घेऊन गावात गेले.

देवळामागच्या विहिरीत वाकून पाहिलं. वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण. पाषाण ठणठणीत कोरडा. पाणी झिरपत होतं ते मांजऱ्या आणि पाषाणाच्या सांध्यातून, तेही ओढ्याकडच्या अंगानंच. खडक की माती, याचं उत्तर तिथंच उलटं झालं.

पारावर जोड्या विचारायला बसले. एक आजी म्हणाल्या, "पोरी, पाणी कुनाच्या हिरीत उतरनार, ते आधी सांग."

हा निकष माझ्याकडं नव्हताच. माझ्या आकड्यांवरून काढलेल्या नकाशात सर्वांत योग्य जागेचा जो गडद पट्टा होता, त्याखाली विहिरी तीनच, त्याही अंजिराच्या बागांतल्या. मग सहावा निकष घातला: खालच्या अंगाच्या कोरड्या विहिरी. जोड्या झाल्या पंधरा, आणि संध्याकाळ गेली.

कोरड्या विहिरी की उतार? आजींनी विहिरींना ९ दिले, बागायतदारांनी उतार नऊपट भारी म्हणून एकनवमांश. गटाची उत्तरं एकत्र करताना भूमितीय मध्य काढतात. या दोघांचा मध्य येतो बरोबर १, म्हणजे दोन्ही निकष सारखे. आणि तसं तर दोघांपैकी कुणीच म्हणालं नव्हतं.

मी मध्य काढला नाही. दोघांच्या उत्तरांचे दोन वेगळे नकाशे केले आणि ग्रामसभेत शेजारी शेजारी टांगले. आजी जवळ येऊन बोट फिरवत राहिल्या. "ह्यात माजी हीर कुठं?"

नकाशाचा एक चौकोन तीस मीटरचा. आजींची विहीर आणि बांधापलीकडची बागायतदारांची विहीर, दोन्ही एकाच चौकोनात होत्या.