केळीला पांघरूण

ससेक्समध्ये नोव्हेंबरचा उजेड वरून पडत नाही, बाजूने येतो. सूर्य दिवसभर झाडांच्या शेंड्यांपलीकडे रेंगाळत राहतो, आणि दुपारी अडीचलाच त्याची किरणं इतकी आडवी होतात की गवताचं पातं न् पातं आपल्याहून लांब सावली टाकतं, यूच्या काटेकोर कातरलेल्या काळ्या कुंपणाला सोन्याची बारीक किनार लागते, बीचच्या कुंपणावरची वाळूनही न गळलेली तांबूस पानं आतून पेटल्यासारखी दिसतात, आणि खोरं हातात धरून उभं राहिलेल्या माणसाला वाटतं की आता हे सगळं असंच राहणार. चार वाजता अंधार पडतो.

त्या अंधाराच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं, हीच इथली सुगी. मी या जुन्या हवेलीच्या बागेत मदतनीस म्हणून जाते. पगार नाही, चहा आहे, आणि ओल्या मातीचा वास घरापर्यंत सोबत येतो. पानगळीच्या शेवटी बागेत फुलांचं काम जवळजवळ उरत नाही, उरते ती आवराआवर. ओक आणि चेस्टनटची पानं ओढून तारेच्या पिंजऱ्यात भरायची, पायांनी दाबायची, पुन्हा भरायची. दोन वर्षांनी त्याच पिंजऱ्याच्या तळातून काळी, भुसभुशीत, पावसाळी जंगलाच्या वासाची माती निघते. गेल्याच्या गेल्या वर्षीची पानं आज मी ट्युलिपच्या कंदांखाली पसरत होते आणि शेजारी एक रॉबिन पक्षी, छातीवर केशर सांडलेला, खोऱ्याच्या पात्याला अगदी खेटून गांडुळांची वाट पाहत होता. त्याला माझी भीती नव्हती. त्याच्या हिशेबी मी त्याच्यासाठी माती उकरणारं एक अवजड जनावर होते.

पण माझं मन असतं ते दक्षिणेकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे केळी आहेत. कर्दळ आहे, अळू आहे, सोनटक्का आहे, आणि त्यांच्या मधल्या जागेत मेक्सिकोहून युरोपात आलेले डेलिया.

असा कोपरा इंग्लंडमधल्या बऱ्याच बागांत आता दिसतो. त्याचं एक मोठं श्रेय जातं इथून जवळच नॉर्थियमच्या ग्रेट डिक्स्टर या घराला आणि तिथल्या क्रिस्तोफर लॉइड या बागवेड्या लेखकाला. डिक्स्टरच्या जुन्या घराची डागडुजी करून ते एडविन लट्यन्सनी वाढवलं होतं, नवी दिल्ली उभारणारे तेच हे लट्यन्स. त्यांनी आखलेली गुलाबाची बाग लॉइडनी 1993 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मुळासकट काढून टाकली आणि तिथे केळी, कर्दळी आणि भडक रंगांचे डेलिया लावले. गुलाब उपटून केळ! इंग्रजी सभ्यतेला याहून मोठा धक्का कुणी कुदळीनं दिला असेल असं मला वाटत नाही. मला हा म्हातारा न भेटताच आवडतो.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या आमच्या घरी अळू लावावं लागत नसे. मोरीचं पाणी जिथे जाई तिथे ते आपोआप माजे, आणि कर्दळ कुणाच्या लक्षातही न येता कुंपणाशी फुलून जाई. इथे त्याच अळवाचे गड्डे थंडीआधी उकरून, पुसून, कोरड्या भुशात ठेवून, वर नावाची पट्टी लावून तळघरात नेतात. रोपासाठी इतका खटाटोप हे मला आधी श्रीमंती चोचले वाटले. थोडे अजूनही वाटतात. पण हाताला ते कळत नाही. हात तो गड्डा तितक्याच जपून उचलतो.

मग एक रात्र अशी येते की आभाळ पूर्ण मोकळं होतं, वारा थांबतो, चांदण्या अंगावर आल्यासारख्या जवळ दिसतात, आणि सकाळी बागेत पाऊल ठेवावं तर गवत बुटांखाली काचेसारखं कुरकुरतं, प्रत्येक कोळ्याचं जाळं पांढऱ्या दोऱ्यानं पुन्हा विणलेलं असतं, आणि काल संध्याकाळपर्यंत लाल, किरमिजी, नारिंगी पेटलेल्या डेलियांच्या जागी काळी, लिबलिबीत, मान टाकलेली झाडं उभी असतात. पेशींतलं पाणी गोठून त्या एका रात्रीत फाटतात. केळीची पानंही तशीच, उकडून काढल्यासारखी, खोडाला चिकटून लोंबत असतात.

एका रात्रीत.

त्या दिवशी कुणी फारसं बोलत नाही, पण हळहळतही नाही. हेड गार्डनर बाई हात चोळत म्हणतात, चला, आता सुरुवात करता येईल. या हिमाचीच त्या वाट पाहत असतात. डेलियाचं वरचं झाड वीतभर ठेवून छाटायचं, कंद काट्यानं अलगद उचलायचे, पोकळ देठातलं पाणी निथळावं म्हणून उलटे टांगायचे. आणि मग केळीला पांघरूण.

काळी पानं कापून टाकायची. उघड्या खोडाभोवती कोंबडजाळीचा उभा नळा करायचा आणि वरून त्यात कोरडा पेंढा भरत जायचं, दाबत, चाचपत, पोकळी न ठेवता. केळीचं खोड म्हणजे मुळात खोड नसतंच. पानांचे देठ एकात एक गुंडाळलेले असतात, सगळ्यांत आत नवं पान, त्याच्या बाहेर त्याच्या आधीचं, त्याच्या बाहेर त्याहून आधीचं. बाहेरचे दोन-चार पदर कुजले तरी आतलं वाचतं. जन्मतः लपेटलेल्या झाडाला मी आणखी एक पदर देत असते. पेंढ्याच्या बारीक काड्याकुड्या बाह्यांत शिरतात, बोटं बधिर होतात, तोंडातून वाफ निघते आणि आडव्या उन्हात ती वाफसुद्धा सोनेरी होते.

ही केळ दक्षिण चीनकडची. जपानमध्ये ती शतकानुशतकं अंगणात लावतात. एका शिष्यानं दिलेलं तिचं रोप झोपडीपुढे लावलं आणि तिचंच नाव घेऊन एक कवी बाशो झाला. तिला केळी लागली तरी ती खाण्याची नव्हेत, आत बियाच बिया. ती लावायची पानांसाठी, वाऱ्यात होणाऱ्या तिच्या सळसळीसाठी. पावसात त्या पानांवर जो आवाज होतो त्यासाठी.

आमच्याकडे कुणी असं म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वैद्याकडे नेलं असतं. जळगाव जिल्ह्यात केळ हा हिशेब आहे. मृगबागेची लावण जूनमध्ये, कांदेबागेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. निसवण कधी, घड किती किलोचा, भाव काय, गाडी कधी. घरातला सगळा संसार केळीवर चालतो, पण केळीकडे नुसतं पाहत बसलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही. आणि तरी त्या हिशेबाचं एक टोक असल्याच एका इंग्रजी बागेत बांधलेलं आहे. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या हवेलीत, तिथल्या ड्यूकचे हेड गार्डनर जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसकडून आलेली केळ कोळशाच्या धगीवर काचघरात वाढवली, आणि बाहेर सगळी बाग निजायला निघाली असताना, 1835 च्या नोव्हेंबरात, तिला कमळ, म्हणजे केळफूल, आलं. पुढच्या मे महिन्यात घडाला शंभरावर केळी होत्या. ड्यूकच्या घराण्याचं नाव कॅव्हेंडिश. केळीला तेच चिकटलं. आमची बसराई जात त्याच कॅव्हेंडिश कुळातली, आणि तिच्या जागी आलेली ग्रँड नैनसुद्धा. ज्या नावाची केळ आम्ही ट्रकमध्ये भरभरून पाठवली, तिच्या पहिल्या घडाभोवती कुणीतरी रात्रभर जागून कोळसा घातला असणार.

जागण्यातलं थोडं मला माहीत आहे. रावेरलाही थंडी पडते. पारा दहाच्या खाली गेला की केळ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवायला आलेलं कमळ गळ्याशी अडकतं. अशा रात्री बापू, माझे वडील, बागेला पाणी सोडत, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. बांधावर ओला-सुका काडीकचरा पेटवून धूर करत, आणि तो धूर सरींमधून जमिनीलगत सरकत जाई, निळसर, दाट, पहाटेपर्यंत. घड वाळक्या पानांनी झाकलेले. लहानपणी मी मफलर गुंडाळून शेकोटीशी बसायचे आणि बापू अंधारात, एकेका खोडावर हात ठेवत, पुढे जायचे. ते काय चाचपत असत, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता पेंढा भरताना माझा हात तेच करतो आणि मला अजूनही नीट सांगता येणार नाही. ते नुसतं भावाचं गणित नव्हतं, एवढं मात्र कळतं.

रविवारी फोनवर मी बापूंना ती पेंढ्याची रांग दाखवली.

“हे काय, बुजगावणी?”

“केळी आहेत, बापू.”

ते इतके हसले की खोकला लागला. मग विचारलं, “निसवते का?”

“कधीमधी. पण फळ खायचं नाही.”

“मंग ठेवली कायले?”

“पानांसाठी.”

“बरं,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “फोन वर धर. शेंडा दाखव. पोंग्यात पाणी गेलं तर सडून जाईल, बाई. वरून टोपी घाल तिले.”

टोपी घातलीच होती, फळीचा तुकडा आणि त्यावर उलटी कुंडी. ती त्यांना पसंत पडली. पिलं मात्र पसंत पडली नाहीत. बुडाशी इतकी पिलं? एक ठेवून बाकीची काढायची असतात, नाहीतर आईचं खोड बारीक पडतं. मी सांगितलं, इथे सगळी ठेवतात, त्यांना दाट बेट हवं असतं. “त्या बाईले सांग,” बापू म्हणाले.

सांगितलं. हेड गार्डनर बाईंनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, पिलांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की वडिलांना म्हणावं, जूनमध्ये या आणि स्वतः काढून दाखवा.

“जूनमध्ये?” बापूंचा आवाज चढला. “मृगबागेची लावण सोडून कुणी इंग्लंडले जाते का?”